सोन्याचा एक कण, पेशीवरचा एक रेणू: पकडायचा कसा आणि माग काढायचा कसा

डार्कफील्ड सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे नमुन्यानं विखुरलेला प्रकाशच तेवढा दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, सोन्याचे नॅनोकण पहिल्यांदा दिसतात तेव्हा काही क्षण हातातलं काम विसरायला होतं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हिरवे, पिवळसर, केशरी ठिपके, आणि त्यातला प्रत्येक जण थरथरत असतो. माझ्या पहिल्या नमुन्यात पेशींवर असे शेकडो ठिपके होते. मग तुलनेसाठी ठेवलेली दुसरी स्लाइड लावली. तिच्यातल्या कणांवर आमचा रेणू ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन, म्हणजे अँटिबॉडी, नव्हतंच. तरी तिथेही तेवढेच ठिपके. तीन आठवड्यांचं काम त्या एका स्लाइडपुढे बाद झालं.

ठिपका दिसणं सोपं आहे. तो आपल्याला हव्या त्याच रेणूला चिकटलेला आहे हे दाखवण्यातच निम्म्याहून अधिक मेहनत जाते. म्हणून या लेखात खातरजमेच्या नमुन्यांवर मी मुद्दाम जास्त जागा खर्च केली आहे.

उदाहरण एकच घेऊ: पेशीच्या पटलावरचा ईजीएफआर हा रिसेप्टर, म्हणजे वाढीचा संदेश देणारा रेणू पकडणारा ग्राही. अनेक कर्करोगांत, विशेषतः तोंडाच्या कर्करोगात, पेशींवर तो प्रमाणाबाहेर असतो. तंबाखू आणि गुटख्यामुळे हा आजार आपल्याकडे किती घरांत पोचला आहे हे वेगळं सांगायला नको. २००५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या मुस्तफा एल-सय्यद यांच्या गटानं सोन्याच्या कणांवर ईजीएफआरविरोधी अँटिबॉडी बसवून तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपासून साध्या डार्कफील्डखाली वेगळ्या दाखवल्या. आपण त्याच वाटेनं जाऊ आणि पुढे एकेका कणाचा मागही काढू. पेशी ए-४३१ या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या वाणाच्या वापराव्यात, कारण त्यांच्यावर हा रिसेप्टर भरपूर असतो. पेशींच्या वाणांसाठी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीभांडाराकडे चौकशी करता येते.

सोनंच का, आणि केवढं

सोन्याच्या नॅनोकणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरीबरोबर एकत्र हेलकावतात आणि ठरावीक रंगाचा प्रकाश जोरात शोषतात व विखुरतात. मायकेल फॅरेडेनं १८५७ मध्ये असं लालबुंद द्रावण करून त्यावर व्याख्यान दिलं होतं, आणि १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी त्याचं गणित मांडलं. रंगद्रव्याचा रेणू काही सेकंदांत विझतो आणि क्वांटम डॉट हा अर्धवाहकाचा चमकणारा नॅनोकण मधूनच डोळे मिचकावतो. सोन्याचा कण विझतही नाही, मिचकावतही नाही. मिनिटंच्या मिनिटं एकाच रेणूच्या मागे राहायचं असेल तर ही फार मोठी सोय आहे. क्वांटम डॉट लहान असतात, दाटीवाटीच्या जागी ते बरे पडतात. पण त्यांच्यासाठी चांगला फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक आणि संवेदनशील कॅमेरा हवा. सोन्याला डार्कफील्ड कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर तिरका प्रकाश टाकणारं भिंग, पुरतो.

आकार मात्र विचारपूर्वक निवडा. कण जेवढा प्रकाश शोषतो तो व्यासाच्या तिसऱ्या घाताप्रमाणे वाढतो, पण जेवढा विखुरतो तो सहाव्या घाताप्रमाणे. म्हणजे २० नॅनोमीटरच्या कणापेक्षा ४० चा कण ६४ पट तेजस्वी आणि ४० पेक्षा ६० चा सुमारे ११ पट. मग १०० च का घेऊ नये? कारण कण जेवढा मोठा, तेवढे जास्त रिसेप्टर त्याला एकाच वेळी चिकटू शकतात, आणि मग आपण एका रेणूऐवजी रेणूंच्या गाठोड्याची चाल मोजत बसतो. माझा सल्ला असा: अँटिबॉडी बसवण्याचा सराव घरच्या ४० नॅनोमीटरच्या कणांवर करा आणि माग काढण्यासाठी ६० चे विकत घ्या. सोन्याच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट ओतून कण बनवण्याच्या घरच्या पद्धतीनं ४० च्या पुढे गेलं की कण लांबट आणि असमान होऊ लागतात.

कण बनवणं

सायट्रेटची ही पद्धत टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये दिली, आणि सायट्रेट कमीजास्त करून आकार कसा बदलायचा ते १९७३ मध्ये फ्रेन्सनं दाखवलं.

आधी काचेची भांडी. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, म्हणजे अम्लराज, वापरून ती धुवा. हे काम फ्यूम हूडमध्येच, हातमोजे आणि चष्मा लावूनच करा. मिश्रण ताजं बनवा, बाटलीत झाकण लावून कधीही ठेवू नका आणि ॲसिटोनसारखं काहीही त्याच्या आसपास आणू नका. नंतर शुद्ध पाण्यानं सात-आठ वेळा विसळा. जुन्या सोन्याचा एखादा कण भांड्याला चिकटून राहिला तरी नवे कण त्याच्याभोवती वेडेवाकडे वाढतात. क्लोरोऑरिक आम्ल, म्हणजे ज्यापासून कण बनतात ते सोन्याचं संयुग, धातूच्या चमच्यानं काढू नका, ते धातू खातं. हवेतली ओल ओढून घेत असल्यानं एक ग्रॅमची कुपी एकदाच पूर्ण विरघळवून एक टक्क्याचं द्रावण करावं आणि अंधारात ठेवावं.

आता ४९.५ मिलि शुद्ध पाण्यात हे द्रावण ०.५ मिलि घालून चांगलं खळखळून उकळा. चुंबकी ढवळणी जोरात फिरू द्या. मग एक टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं द्रावण एकदम, एका झटक्यात ओता: सुमारे ४० नॅनोमीटरसाठी ०.५ मिलि, १६ साठी १ मिलि. थेंबथेंब टाकलंत तर सगळे कण एकाच वेळी जन्माला येत नाहीत आणि आकारात एकसारखेपणा राहत नाही. फिकट पिवळा रंग जातो, क्षणभर पाणी रंगहीन दिसतं, मग करडी-निळसर झाक, जांभळा आणि शेवटी कोकमाच्या सरबतासारखा लाल. त्यानंतर १५ मिनिटं उकळत ठेवून थंड करा.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आलेख काढा. ४० नॅनोमीटरच्या कणांचं शिखर ५२५ ते ५३० च्या आसपास येतं आणि अरुंद असतं. ६०० च्या पुढे आलेख उंच राहिला तर कण एकमेकांना चिकटले आहेत. ते द्रावण टाकून द्या, त्यातून काही चांगलं होणार नाही. आकाराची खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरच होते. महाविद्यालयात तो नसतो, पण आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रासारख्या सुविधेत बाहेरच्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासतात. एकदा हा खर्च करा.

अँटिबॉडी बसवणं

बहुतेकांचं काम इथेच बिघडतं, म्हणून सावकाश वाचा.

उघडे कण एकमेकांपासून दूर राहतात ते सायट्रेटच्या ऋण प्रभारामुळे. त्यात मीठ पडलं की हा प्रभार झाकला जातो, कण एकमेकांना बिलगतात आणि लाल द्रावण निळं होतं. म्हणून उघडे कण फॉस्फेट बफरमध्ये किंवा पेशींच्या माध्यमात कधीही टाकू नका. अँटिबॉडीही आधी मीठ काढून, फार कमी तीव्रतेच्या बोरेट बफरमध्ये डायलिसिसनं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून मीठ बाहेर जाऊ देऊन, आणावी लागते. कुपीवरचं लेबल नीट वाचा. टिकाऊपणासाठी त्यात बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) किंवा जिलेटिन घातलेलं असेल तर ती कुपी या कामाची नाही. अँटिबॉडीपेक्षा कितीतरी जास्त असलेलं ते प्रथिनच कणाची सगळी जागा अडवतं.

द्रावणाचा पीएच ८.५ ते ९ च्या दरम्यान आणा, पोटॅशियम कार्बोनेटचे थेंब घालत. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड थेट उघड्या सोन्यात बुडवू नका, त्याच्या सच्छिद्र टोकात सोनं बसतं आणि इलेक्ट्रोड कायमचा बिघडतो. पीएचचा कागद वापरा.

किती अँटिबॉडी घालायची हे पुस्तकातून कळत नाही. प्रत्येक कुपीसाठी ते स्वतः शोधावं लागतं. आठ नळ्यांत प्रत्येकी अर्धा मिलि सोनं घ्या. अँटिबॉडी प्रति मिलि ०, १, २, ४, ६, ८, १०, १५ मायक्रोग्रॅम अशी चढत्या प्रमाणात घाला आणि दहा मिनिटं थांबा. मग प्रत्येकीत दहा टक्के मिठाचं पाणी ५० मायक्रोलिटर टाका आणि आणखी दहा मिनिटांनी पांढऱ्या कागदासमोर ओळीनं धरा. सुरुवातीच्या नळ्या निळ्या किंवा जांभळ्या होतील, पुढच्या लाल राहतील. लाल राहिलेली पहिली नळी म्हणजे कणाचा पृष्ठभाग झाकला जाण्याचं किमान प्रमाण. त्यापेक्षा दहा-वीस टक्के जास्त घ्या. ४० नॅनोमीटरच्या कणांना बहुधा प्रति मिलि काही मायक्रोग्रॅम पुरतात. उगाच दुप्पट-तिप्पट घातलीत तर सैल बसलेली अँटिबॉडी नंतर सुटते, रिसेप्टर स्वतःच अडवते, आणि कणांना बसायला जागाच उरत नाही.

याच मापानं मोठी खेप करा. अर्ध्या तासानं बीएसए अंतिम एक टक्का होईल एवढं घालून उरलेली जागा झाका. मग ३,००० ते ४,००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोरावर, १५-२० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. ६० चे कण याहून कमी वेगात बसतात. तळाशी गडद लाल, सैल, हलवल्यावर सरकणारा थेंब दिसायला हवा. काळी, घट्ट खपली दिसली तर कण जुळले आहेत. ती हलवून मोडत नाही. वरचं पाणी काढा, एक टक्का बीएसए असलेल्या बफरमध्ये पुन्हा मिसळा आणि हे दोन-तीनदा करा.

दोन खुणा पाहा. आलेखाचं शिखर दोन-पाच नॅनोमीटर लालकडे सरकलेलं असावं आणि रुंद झालेलं नसावं. मीठ घातल्यावरही रंग लाल राहावा. गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर उमटणारी गुलाबी रेघ बहुधा अशाच, अँटिबॉडी बसवलेल्या सोन्याची असते. तिथे लाखो कण एका रेघेत गोळा होतात म्हणून ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. आपल्याला त्यातला एकेक वेगळा पाहायचा आहे.

एका कणावर किती हात

४० नॅनोमीटरच्या कणावर दीड-एकशे अँटिबॉडी सहज बसतात, ६० च्या कणावर त्याच्या दुपटीहून अधिक. असा कण पेशीवर उतरला की पाच-दहा रिसेप्टर एकत्र बांधतो. बांधलेला ईजीएफआर हळू चालतो आणि पेशी तो लवकर आत ओढते. रंगवून फक्त उपस्थिती दाखवायची असेल तर हरकत नाही, पण माग काढायचा असेल तर हे चालणार नाही.

उपाय सोपा आहे. एकूण प्रथिनाचं माप तेच ठेवा, पण त्यात ईजीएफआरविरोधी अँटिबॉडी थोडी आणि काहीही न ओळखणारी, त्याच प्रकारची अँटिबॉडी जास्त, असं मिश्रण करा: १ ला ५, १ ला २०, १ ला ५०, १ ला १००. प्रत्येक मिश्रणाच्या कणांची चाल मोजा. ओळखणारी अँटिबॉडी कमी होत जाते तशी चाल वाढत जाते, आणि एका टप्प्यानंतर वाढायची थांबते. ती थांबली म्हणजे कण एकाच रिसेप्टरला धरून आहेत असं मानायला आधार मिळतो. हा एक आलेख तुमच्या प्रबंधातल्या दहा सुंदर चित्रांपेक्षा मोलाचा आहे.

पेशी, काच आणि प्रकाश

डार्कफील्डमध्ये धुळीचा प्रत्येक कण चमकतो. ०.१७ मिमी जाडीच्या कव्हरस्लिप डिटर्जंट, पाणी, इथेनॉल अशा क्रमानं सोनिकेटरमध्ये धुवा आणि एक कोरी काच आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तिच्यावर ठिपके दिसले तर पेशी वाढवण्यात वेळ घालवू नका. पेशी काचेला चिकटाव्यात म्हणून देतात तो पॉलिलायसिनचा लेप टाळा. तो धन प्रभाराचा असतो आणि ऋण प्रभाराचं सोनं त्याला जाऊन चिकटतं. माझ्या त्या पहिल्या स्लाइडमागचं एक कारण हेच होतं.

पेशी विरळ वाढवा. ए-४३१ गठ्ठ्यानं वाढतात, पण गठ्ठ्याच्या कडेला पातळ पसरलेला भाग मिळतो. तिथेच पाहायचं. पेशीच्या मधोमध तिचे स्वतःचे अवयव इतका पांढरा प्रकाश विखुरतात की कण त्यात हरवतो. एक टक्का बीएसएमध्ये अर्धा तास ठेवा, मग कण खूप पातळ करून, द्रावण जेमतेम गुलाबी दिसेल इतके, पाच-दहा मिनिटं घाला. तीनदा हलक्या हातानं धुवा. रंगद्रव्य नसलेल्या, हेपेस हा पीएच स्थिर ठेवणारा बफर घातलेल्या माध्यमात ३७ अंशांवर पाहा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतलंच चित्रण पटलावरच्या चालीसाठी धरा. त्यानंतर बरेच कण पेशीच्या आत गेलेले असतात.

तेल लावायचा डार्कफील्ड कंडेन्सर घ्या. त्याच्या तेलात बुडबुडा राहू देऊ नका. भिंगाचं न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं याचं माप, कंडेन्सरच्या आतल्या मर्यादेपेक्षा कमी हवं, म्हणून झडप असलेलं १०० पटीचं भिंग घेऊन पार्श्वभूमी काळी होईपर्यंत झडप मिटवत जा. ६० नॅनोमीटरचा एकटा कण हिरवा दिसतो आणि जुळलेले कण पिवळे-केशरी. केशरी ठिपके मोजणीतून वगळा. ओळखण्यासाठी रंगीत कॅमेरा आणि माग काढण्यासाठी काळा-पांढरा वापरा. ५४० च्या आसपासचा हिरवा फिल्टर लावला की पेशीचा पांढरा प्रकाश बराच दबतो.

आणि आता ते नमुने, ज्यांच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे. प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी, त्याच खेपेचे: एक, काहीही न ओळखणाऱ्या अँटिबॉडीचे कण. दोन, आधी मोकळी ईजीएफआरविरोधी अँटिबॉडी भरपूर घालून रिसेप्टर अडवलेल्या पेशी आणि त्यावर खरे कण. तीन, ज्यांच्यावर हा रिसेप्टर नसतो अशा हॅमस्टरच्या सीएचओ पेशी. चार, कण न घातलेल्या पेशी, कारण पेशी स्वतःही चमकदार ठिपके दाखवतात. पाच, कोरड्या काचेवर घट्ट बसलेले कण, ज्यांचा उपयोग पुढे येतो. पहिल्या चारांतले ठिपके प्रति पेशी मोजा. खऱ्या नमुन्यात त्यांच्यापेक्षा कितीतरी पट जास्त ठिपके नसतील तर चित्रण करायला बसू नका; बीएसए, धुणं आणि कणांचं प्रमाण यांत बदल करून पुन्हा सुरुवात करा. संख्या मोजताना शक्य असेल तर कोणती स्लाइड कोणती हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून मोजून घ्या.

माग काढणं

ठिपका सुमारे पाव मायक्रोमीटर रुंद दिसतो, पण त्याचा मध्यबिंदू त्याहून कितीतरी बारीक ठरवता येतो. पुरेसा प्रकाश मिळाला तर १०-२० नॅनोमीटरची अचूकता साध्या यंत्रणेवरही येते. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये नमुन्यातलं सुमारे १०० नॅनोमीटर अंतर यावं.

पेशींकडे वळण्याआधी पाण्यातले मोकळे कण मोजा. २५ अंशांवर ६० नॅनोमीटरच्या उघड्या कणाचा विसरण गुणांक, म्हणजे तो किती वेगानं इकडेतिकडे पसरतो याचं माप, स्टोक्स-आइनस्टाइन सूत्रानं सेकंदाला सुमारे ८.२ चौरस मायक्रोमीटर येतो. प्रथिनाच्या थरामुळे व्यास ८० धरला तर ६.१. तुमचं मोजमाप याच्या जवळ आलं नाही तर पिक्सेलचं माप, कॅमेऱ्याचा वेग किंवा कण यांपैकी काहीतरी चुकलेलं आहे. झां पेरॅननं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिंकाच्या कणांच्या जागा दर ३० सेकंदांनी कागदावर टिपून हेच केलं होतं, आणि त्यातून अणू खरोखर असतात हे लोकांना पटलं. त्याच्या हाताशी संगणक नव्हता, आपल्यापाशी फिजी हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यातलं माग काढणारं ट्रॅकमेट आहे.

सेकंदाला ३० चौकटींचं चित्रण ट्रॅकमेटमध्ये घ्या. ठिपक्याचा व्यास अर्धा मायक्रोमीटर द्या आणि उंबरठा असा ठेवा की कण नसलेल्या पेशीच्या चित्रणात जवळपास काहीच सापडू नये. पटलावरच्या रिसेप्टरचा गुणांक साधारण ०.१ किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे एका चौकटीत तो सुमारे ०.११ मायक्रोमीटर सरकतो, तर पाण्यात तरंगणारा कण तेवढ्याच वेळात ०.९ मायक्रोमीटरची उडी घेतो. जोडणीची मर्यादा, म्हणजे लागोपाठच्या चौकटींतले दोन ठिपके एकच कण मानण्याचं कमाल अंतर, ०.४ ते ०.५ मायक्रोमीटर ठेवलीत की तरंगणारे बहुतेक कण आपोआप गळतात. कण एकमेकांपासून तीन-चार मायक्रोमीटर तरी दूर असू द्या, नाहीतर एकाचा माग दुसऱ्याला जोडला जातो.

प्रत्येक मागासाठी विस्थापनाच्या वर्गाची सरासरी काढा आणि ती वेळेसमोर मांडा. मुक्त विसरण असेल तर सरळ रेघ येते, आणि तिचा चढ भागिले चार म्हणजे गुणांक. मागाच्या लांबीच्या पहिल्या चौथाईपर्यंतच रेघ बसवा, पुढचे बिंदू मोजक्या नमुन्यांवर उभे असतात आणि फसवतात. रेघ शून्यातून निघत नाही, थोडी वरून निघते. ती उंची तुमच्या मोजमापाच्या चुकीमुळे असते, आणि तिची खातरजमा काचेवर घट्ट बसलेल्या कणांवर होते. त्यांच्या आलेखात चढ दिसला तर ते स्टेजचं सरकणं आहे. ते आधी वजा करा.

रेघ वाकून आडवी झाली तर रिसेप्टर एखाद्या कुंपणात अडकलेला आहे. चौकोनी कुंपण धरलं तर आडव्या रेघेची उंची म्हणजे बाजूच्या वर्गाचा तिसरा भाग: ०.०३ चौरस मायक्रोमीटर आली तर बाजू ०.३ मायक्रोमीटर. जपानमध्ये अकिहिरो कुसुमी यांच्या गटानं ४० नॅनोमीटरच्या सोन्यानं, सेकंदाला ४०,००० चौकटी टिपून, पटलावरचे रेणू एका कुंपणातून दुसऱ्यात उड्या मारतात हे दाखवलं. ३० चौकटींच्या कॅमेऱ्याला त्या उड्या दिसणार नाहीत. त्यांची सरासरी तेवढी दिसेल, आणि लिहितानाही तेवढंच लिहायचं. रेघ वर वळली तर कण एका दिशेनं ओढला जातोय. बहुधा तो पेशीच्या आत, मायक्रोट्यूब्यूल या रुळांसारख्या नळ्यांवरून चाललेल्या पुडीत आहे. तो माग पटलावरच्या चालीच्या हिशेबातून काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

निकाल लिहिताना सगळ्या मागांचा विखुरलेला आलेख द्या, फक्त सरासरी देऊ नका. एकाच पेशीवर काही रिसेप्टर मोकळे, काही कुंपणात आणि काही जागीच खिळलेले असतात. सरासरी काढली की यांतल्या एकाचीही नसलेली चाल हाती येते. खिळलेल्यांचं प्रमाण काहीही न ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या नमुन्यातल्या खिळलेल्यांशी ताडून पाहा. तिथे दर पेशी दोन असतील आणि तुमच्या नमुन्यात तीन, तर ते खिळलेले रिसेप्टर आहेत असं म्हणता येत नाही. ते चुकून चिकटलेलं सोनं असू शकतं.